आरोपीचा बचाव आणि नायकाचे समर्थन : नानावटी खटल्याच्या कलारूपांची चिकित्सा

प्रस्तावना

साहित्य, नाटक आणि चित्रपट या तिन्ही माध्यमांना न्यायालयाचे आकर्षण प्रारंभापासून आहे. दोन पक्ष, त्यांच्यातील संघर्ष, साक्षीपुरावा, उलटतपासणी आणि अखेरीस निकाल ही खटल्याची रचना मुळातच नाट्यपूर्ण असते. त्यामुळे खुनासारख्या गंभीर आरोपाचा खटला कलावंताला आयते कथानक पुरवितो. परंतु न्यायालयातील 'बचाव' आणि कलाकृतीतील 'समर्थन' या दोन संकल्पना भिन्न आहेत. बचाव म्हणजे कायद्याने आखून दिलेल्या विशिष्ट घटकांची सिद्धता होय, तर समर्थन म्हणजे नायकाच्या कृतीला प्रेक्षकाची सहानुभूती मिळवून देणे होय. पहिल्याची कसोटी पुरावा ही असते आणि दुसऱ्याची कसोटी भावना ही असते. या दोहोंची गल्लत झाली की समाजाची न्यायविषयक समज कशी विपरीत होते, याचे ठळक उदाहरण म्हणून कमांडर के. एम. नानावटी यांच्या खटल्याकडे पाहता येते.

१९५९ साली मुंबईत घडलेल्या या प्रकरणावर 'ये रास्ते हैं प्यार के' (१९६३), 'अचानक' (१९७३) आणि 'रुस्तम' (२०१६) हे हिंदी चित्रपट आधारलेले आहेत. मराठी रंगभूमीवर मधुसूदन कालेलकर यांच्या 'अपराध मीच केला' या नाटकाने हा विषय हाताळला. सहा दशकांनंतरही या खटल्याचे आकर्षण ओसरलेले नाही. मात्र 'नानावटी निर्दोष सुटले' ही चुकीची समजूत आजही सुशिक्षितांमध्ये, विद्यार्थ्यांमध्ये आणि काही वेळा अध्यापकांमध्येही आढळते. या समजुतीस उपरोक्त कलाकृती कितपत कारणीभूत आहेत, आणि हिंसक गुन्ह्याच्या आरोपातील बचावाचे स्वरूप त्या कसे रंगवितात, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी 'अचानक' आणि 'रुस्तम' या दोन चित्रपटांचा विशेष विचार येथे केला आहे.

खटल्याची हकीकत

नानावटी हे भारतीय नौदलातील 'म्हैसूर' या युद्धनौकेवरील द्वितीय क्रमांकाचे अधिकारी होते. २७ एप्रिल १९५९ रोजी त्यांच्या पत्नीने प्रेम आहुजा यांच्याशी असलेल्या संबंधांची कबुली त्यांना दिली. त्यानंतर नानावटी यांनी पत्नीस व मुलांना मोटारीने चित्रपटगृहात सोडले, युद्धनौकेवर जाऊन खोटे कारण सांगून रिव्हॉल्व्हर व सहा काडतुसे घेतली, आहुजा यांच्या कार्यालयात चौकशी केली आणि तेथे ते न भेटल्याने त्यांचे निवासस्थान गाठले. तेथे झाडल्या गेलेल्या तीन गोळ्यांनी आहुजा यांचा मृत्यू झाला. नानावटी यांनी स्वतःहून पोलिसांकडे शरणागती पत्करली.

सत्र न्यायालयात नऊ सदस्यांच्या ज्यूरीने ८ विरुद्ध १ अशा मताधिक्याने 'निर्दोष' असा कौल दिला. सत्र न्यायाधीशांना हा कौल मान्य झाला नाही. त्यांनी १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०७ अन्वये प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठविले. न्या. शेलत व न्या. नाईक यांच्या खंडपीठाने ११ मार्च १९६० रोजी नानावटी यांना खुनासाठी दोषी ठरवून जन्मठेपेची शिक्षा सुनावली. त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी सर्वोच्च न्यायालयातील अपिलाचा निर्णय होईपर्यंत शिक्षा स्थगित केली. राज्यपालांच्या या अधिकाराची मर्यादा हाच एक स्वतंत्र घटनात्मक वाद ठरला. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी व जन्मठेप कायम केली. १९६४ मध्ये तत्कालीन राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी क्षमादान दिल्यावर नानावटी यांची सुटका झाली व पुढे ते कुटुंबासह कॅनडात स्थायिक झाले.

येथे हे लक्षात घेणे अगत्याचे आहे की, क्षमादान म्हणजे निर्दोष मुक्तता नव्हे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६१ अन्वये मिळणारे क्षमादान हा कार्यपालिकेचा अधिकार आहे. न्यायालयाने काढलेला दोषाचा निष्कर्ष चुकीचा होता, असे त्यातून ध्वनित होत नाही. ज्यूरीचा कौल आणि अखेरची सुटका या दोन टोकांना जोडून मधले दोन न्यायनिर्णय विसरले गेले, हेच लोकस्मृतीतील गैरसमजाचे मूळ आहे.

कायद्यातील बचावाची रचना

खुनाच्या आरोपास उत्तर देताना आरोपीपुढे अनेक मार्ग असतात. 'कृत्य मी केलेच नाही' हा एक मार्ग झाला. कृत्य मान्य करून ते अपघाताने घडले, असे म्हणता येते. ते स्वसंरक्षणार्थ केले, असे म्हणता येते. अथवा ते गंभीर व आकस्मिक प्रक्षोभाच्या भरात घडले, असेही म्हणता येते. सामान्य वाचकाला हे सारे मार्ग सारखेच वाटतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्यांचे परिणाम अत्यंत भिन्न आहेत.

भारतीय दंड संहितेच्या कलम ८० अन्वये कायदेशीर कृत्य कायदेशीर रीतीने व योग्य काळजी घेऊन करीत असताना, गुन्हेगारी उद्देश किंवा जाणीव नसताना अपघात घडला, तर तो गुन्हाच ठरत नाही. परिणाम संपूर्ण मुक्तता. खाजगी बचावाचा हक्क मर्यादेत राहून बजावला असेल तर तेथेही परिणाम संपूर्ण मुक्तता. परंतु कलम ३०० च्या पहिल्या अपवादातील प्रक्षोभाचा बचाव पूर्णतः यशस्वी झाला तरी आरोपी सुटत नाही. त्याचा अपराध 'खून' या वर्गातून 'खून न ठरणारा सदोष मनुष्यवध' या वर्गात उतरतो. कलम ३०२ खाली मृत्युदंड अथवा जन्मठेप या दोनच शिक्षा होत्या, तर कलम ३०४ च्या पहिल्या भागाखाली जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंतचा कारावास होऊ शकत होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत हीच चौकट अनुक्रमे कलम १०१, १०३ व १०५ मध्ये आढळते. फरक इतकाच की, सदोष मनुष्यवधाच्या गंभीर प्रकारात मुदतीचा कारावास दिल्यास तो किमान पाच वर्षांचा असावा, असे आता नमूद केले आहे.

शाबितीच्या भाराचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर असते व ती अखेरपर्यंत तेथेच राहते. मात्र अपवादाचा लाभ मागणाऱ्या आरोपीने त्या अपवादाची परिस्थिती दाखवून द्यावी लागते. पूर्वीच्या पुरावा कायद्यात हा नियम कलम १०५ मध्ये होता, आता तो भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०८ मध्ये आहे. आरोपीवरील हा भार सरकार पक्षाच्या भारापेक्षा हलका असतो. संभाव्यतेचे पारडे आपल्या बाजूने झुकते एवढे त्याने दाखविणे पुरेसे असते.

या चौकटीत ज्यूरीचा कौल तपासला असता एक महत्त्वाची विसंगती समोर येते. ज्यूरीने नानावटी यांना कलम ३०२ आणि कलम ३०४ या दोन्हींखाली निर्दोष ठरविले. याचा तर्कसंगत अर्थ एकच होतो. ज्यूरीने अपघाताचा बचाव स्वीकारला, कारण प्रक्षोभ स्वीकारला असता तर कलम ३०४ खालील दोषसिद्धी अटळ होती. परंतु 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने उभ्या केलेल्या जनमताचा रोख मात्र अपघाताकडे कधीच नव्हता. दुखावलेल्या पतीने जे केले ते योग्यच केले, हा त्या सहानुभूतीचा आशय होता. लोकांनी मनोमन मानलेले कारण एक आणि निकालास आवश्यक असलेले कारण दुसरे, अशी ही स्थिती होती. न्यायनिर्णयापूर्वीच न्यायालयाबाहेर कलाकृतीचे तर्कशास्त्र काम करू लागले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

न्यायनिर्णयाचे वाचन

सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय न्या. सुब्बा राव यांनी लिहिला. साहित्याच्या अभ्यासकानेही हा निर्णय मुळातून वाचण्यासारखा आहे. कारण तो एकाच घटनाक्रमाचे दोन परस्परविरोधी अन्वयार्थ समोर ठेवून त्यांतील एकाची निवड कशी करावी, याचा वस्तुपाठ आहे.

अपघाताचा दावा तपासताना न्यायालयाने लहानसहान वस्तूंकडे लक्ष वेधले. आहुजा स्नानगृहातून टॉवेल गुंडाळून बाहेर आले होते. रिव्हॉल्व्हरसाठी झटापट झाली असती तर तो टॉवेल जागेवर राहणे संभवनीय नव्हते. घटनेनंतर नानावटी यांची ज्यांच्याशी गाठ पडली त्यांच्यापैकी कोणाशीही त्यांनी अपघाताचा उल्लेख केला नाही. कथाकार ज्या तपशिलांचा उपयोग वातावरणनिर्मितीसाठी करतो, तेच तपशील येथे पुराव्याचे वजन धारण करतात.

प्रक्षोभाच्या प्रश्नावर न्यायालयाने घालून दिलेली कसोटी आजही प्रमाण मानली जाते. आरोपी ज्या सामाजिक स्तरातील आहे त्या स्तरातील सुज्ञ व्यक्तीचा त्या परिस्थितीत स्वतःवरील ताबा सुटला असता काय, हा पहिला प्रश्न. केवळ शब्द व हावभावही काही प्रसंगी प्रक्षोभक ठरू शकतात आणि पूर्वीच्या कृत्यांनी घडलेली मनोभूमिका विचारात घेता येते, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र प्राणघातक कृत्य त्या प्रक्षोभाच्या आवेगातूनच घडलेले असले पाहिजे. काळ लोटल्याने किंवा अन्य कारणाने आवेग ओसरून विचारपूर्वक योजनेला वाव मिळाला असेल, तर अपवाद लागू होत नाही. दुपारी दीडच्या सुमारास घर सोडल्यापासून चार वाजून वीस मिनिटांपर्यंतचा अवधी स्वतःवर ताबा मिळविण्यास पुरेसा होता, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला.

येथेच कायदा आणि कला यांच्यातील सर्वांत मोठा विरोध प्रत्ययास येतो. पत्नी व मुलांना चित्रपटगृहात पोहोचविणारा, त्यांच्या भवितव्याचा विचार करणारा पती हा लोकांच्या दृष्टीने संयमी व कुटुंबवत्सल पुरुष ठरतो. त्याचा हा संयमच त्याच्या नायकत्वाचा आधार बनतो. न्यायालयाच्या दृष्टीने मात्र हाच संयम त्याच्या विरोधात जातो, कारण ज्याला कुटुंबाच्या भवितव्याचा विचार करता येतो त्याचा स्वतःवरील ताबा सुटलेला नसतो. एकच कृती कथेत सद्गुण ठरते आणि खटल्यात पूर्वनियोजनाचा पुरावा ठरते. नानावटी प्रकरणावरील कोणत्याही कलाकृतीचे मूल्यमापन करताना हा विरोध तिने कितपत ओळखला आहे, हा निकष लावणे उचित ठरेल.

'अचानक' : बचावाविना नायक

गुलजार दिग्दर्शित 'अचानक' ची कथा ख्वाजा अहमद अब्बास यांची आहे. नौदलाऐवजी येथे लष्करी अधिकारी मेजर रणजित खन्ना आहे. तो पत्नी व तिचा प्रियकर या दोघांचीही हत्या करतो. त्याला फाशीची शिक्षा होते. तो निसटतो, गोळी लागून जखमी होतो, डॉक्टर त्याला अथक परिश्रमाने वाचवितात आणि वाचविल्यानंतर त्याला फासावर जावे लागते. गीतांना पूर्णपणे वगळलेला हा चित्रपट पूर्वस्मृतींच्या तुकड्यांतून उलगडत जातो.

चित्रपटाचे शीर्षक 'आकस्मिक' या कायदेशीर विशेषणाचेच बोलीतील रूप आहे. तथापि आकस्मिकतेचा न्यायालयीन प्रश्न चित्रपटाच्या केंद्रस्थानी नाही. वकिलांच्या युक्तिवादाला येथे महत्त्व नाही. हत्या अचानक झाली की विचारपूर्वक, यापेक्षा राज्यसंस्था एका माणसाचा जीव वाचवून तोच पुन्हा कसा घेते, या प्रश्नाने दिग्दर्शकाला घेरले आहे. या अर्थाने हा चित्रपट नानावटी खटल्यावरील भाष्य न राहता मृत्युदंडावरील भाष्य बनतो.

असे असले तरी 'अचानक' मध्ये एक प्रामाणिकपणा आहे, हे नाकारता येत नाही. चित्रपट नायकाविषयी सहानुभूती निर्माण करतो, परंतु त्याच्या अपराधाचा कायदेशीर परिणाम पुसून टाकत नाही. सहानुभूती आणि दोषसिद्धी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, ही प्रौढ जाणीव त्यात आहे. त्याची मर्यादा वेगळ्या ठिकाणी आहे. मृत पत्नीची बाजू तिच्या स्वतःच्या दृष्टीने येथे उभी राहत नाही. ती नायकाच्या स्मृतीतूनच प्रेक्षकापर्यंत येते आणि तिचे मंगळसूत्र गंगेत विसर्जित करण्याचा नायकाचा ध्यास तिच्या हत्येला जवळजवळ विधीचे पावित्र्य देतो.

'रुस्तम' : बचावाचे वीरकथेत रूपांतर

टिनू सुरेश देसाई दिग्दर्शित 'रुस्तम' नेमका विरुद्ध मार्ग स्वीकारतो. येथे नौदल अधिकारी रुस्तम पावरी वकील न घेता स्वतःच स्वतःचा खटला लढवितो आणि ज्यूरी त्याला निर्दोष ठरविते. मूळ खटल्यात अपघात व प्रक्षोभ हे दोन बचाव होते. चित्रपट हे दोन्ही बाजूला ठेवून स्वसंरक्षणाचा तिसराच बचाव पुढे आणतो. त्याहीपलीकडे जाऊन युद्धनौकेच्या खरेदीतील भ्रष्टाचाराचे उपकथानक जोडून हत्येला देशभक्तीची झळाळी देतो.

हा बदल निव्वळ मनोरंजनाची सोय म्हणून दुर्लक्षिण्याजोगा नाही. प्रक्षोभाचा बचाव पूर्ण मुक्तता देऊ शकत नाही, ही अडचण चित्रपटकर्त्यांपुढे होती. नायक सुटावयाचा असेल तर त्याला दुसरा बचाव देणे भाग होते. शिवाय मत्सरातून झालेली हत्या आजच्या प्रेक्षकाला पूर्णतः पटेल याची खात्री नसल्याने तिला राष्ट्रहिताचे अधिष्ठान द्यावे लागले. म्हणजे चित्रपटाने केलेले फेरफारच अप्रत्यक्षपणे कबूल करतात की, मूळ घटनेत नायकाच्या मुक्ततेस पुरेसा कायदेशीर आधार नव्हता. सर्वोच्च न्यायालयाच्या निष्कर्षाला मिळालेली ही अनपेक्षित पुष्टीच मानावी लागेल.

कथानक ज्यूरीच्या कौलाशी थांबविण्यामुळे उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय आणि क्षमादान हा संपूर्ण उत्तरार्ध गळून पडतो. कलावंताला वास्तवात फेरफार करण्याचे स्वातंत्र्य निश्चितच आहे. परंतु १९५९ ची मुंबई, नौदल, पारशी समाज, खळबळजनक वृत्तपत्र असे सर्व ओळखीचे संदर्भ कायम ठेवून केवळ निकाल बदलला जातो, तेव्हा प्रेक्षक त्या निकालालाच इतिहास समजतो. याच संदर्भात आणखी एका प्रचलित विधानाची दुरुस्ती करणे आवश्यक आहे. नानावटी खटला हा भारतातील अखेरचा ज्यूरी खटला होता, असे सर्रास सांगितले जाते. वस्तुतः या खटल्याने ज्यूरी पद्धतीवरील विश्वास ढळण्यास हातभार लावला असला तरी ती काही ठिकाणी त्यानंतरही चालू होती व १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने तिला पूर्णविराम दिला.

कोणाचा बचाव ऐकला जातो ?

मराठी रंगभूमीने न्यायालयाकडे पाहण्याची एक वेगळी दृष्टी दिली आहे. विजय तेंडुलकर यांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकात लुटुपुटूचा खटला हळूहळू खरा होत जातो. लीला बेणारेचे दीर्घ स्वगत प्रेक्षक ऐकतो, परंतु ते न्यायालय ऐकत नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) या चित्रपटात लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप आहे. तेथे कोणताही नाट्यमय युक्तिवाद नाही. आहेत त्या केवळ तारखा, नाकारले जाणारे जामीन आणि कंटाळलेली न्यायव्यवस्था. या दोन कलाकृतींशेजारी 'रुस्तम' ठेवला की, प्रभावी बचावाची संधी हीच समाजात किती विषम वाटली गेली आहे, याची जाणीव होते.

नानावटी यांच्यामागे नौदलाची प्रतिष्ठा, वृत्तपत्राचे पाठबळ आणि कार्ल खंडालावाला यांच्यासारखे, विधिज्ञ व कलासमीक्षक अशा दोन्ही नात्यांनी ख्यातनाम असलेले वकील होते. याउलट 'अनोखीलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य' (२०१९) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला देहदंडाची शिक्षा रद्द करून फेरसुनावणीचा आदेश द्यावा लागला, कारण आरोपीसाठी नेमलेल्या वकिलास तयारीस वेळच मिळालेला नव्हता. जन्मठेप वा मृत्युदंडाची शक्यता असलेल्या खटल्यांत अशा वकिलास किमान सात दिवसांचा अवधी मिळावा, असे न्यायालयास सांगावे लागले. मोफत विधिसाहाय्याचे तत्त्व अनुच्छेद ३९-अ मध्ये आहे, १९८७ चा विधिसेवा प्राधिकरण कायदाही आहे. तरीही वकिलाची नेमणूक आणि प्रत्यक्ष बचाव यांत अंतर उरतेच. या अंतरावर बेतलेली लोकप्रिय कलाकृती मात्र क्वचितच दिसते.

'त्याच सामाजिक स्तरातील सुज्ञ व्यक्ती' या कसोटीचीही चिकित्सा व्हावयास हवी. ही सुज्ञ व्यक्ती गृहीत धरताना पुरुषाचा दुखावलेला अभिमान स्वाभाविक मानला जाण्याचा धोका असतो. त्या काळी व्यभिचारविषयक कलम ४९७ अस्तित्वात होते व ते पतीच्या हक्काच्या कल्पनेवर उभे होते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरविले. पतीच्या स्वामित्वाची कल्पना कायद्याने त्यागल्यानंतरही लोकप्रिय चित्रपट तिचा गौरव करीत राहतात, ही बाब चिंतनीय आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१. नानावटी प्रकरणावरील कलाकृतींनी कायदेशीर बचावाचे रूपांतर नायकाच्या नैतिक समर्थनात केले आहे. परिणामी बचावाच्या विविध प्रकारांतील व त्यांच्या परिणामांतील भेद प्रेक्षकापर्यंत पोहोचत नाही.

२. 'अचानक' हा चित्रपट सहानुभूती आणि दोषसिद्धी यांचे सहअस्तित्व मान्य करतो. 'रुस्तम' मात्र सहानुभूतीसाठी दोषसिद्धीच नाहीशी करतो. कलात्मक प्रामाणिकपणाच्या दृष्टीने पहिला चित्रपट सरस ठरतो.

३. दोन्ही चित्रपटांत पत्नीची बाजू पतीच्या कथेला दुय्यम राहते, आणि मृत व्यक्तीला तर बाजूच उरत नाही. न्यायनिर्णयात मृताच्या वतीने राज्यसंस्था बोलते. चित्रपटात त्याच्या वतीने कोणीच बोलत नाही.

४. महाविद्यालयीन अध्यापनात साहित्यकृती वा चित्रपटासोबत मूळ न्यायनिर्णयाचे वाचन घडविणे उपयुक्त ठरेल. भाषा, विधी व समाजशास्त्र या विषयांच्या अध्यापकांनी एकत्रितपणे असा उपक्रम हाती घेण्यास पुष्कळ वाव आहे.

खुनाचा आरोप असलेल्या प्रत्येक व्यक्तीस बचावाचा हक्क आहे, आणि तो हक्क तिच्या लोकप्रियतेवर अवलंबून नाही. ज्याच्यासाठी कोणतेही साप्ताहिक लिहीत नाही, त्याचाही युक्तिवाद त्याच कसोटीवर तपासला जावा, यातच न्यायाचे न्यायत्व आहे. तीन तासांच्या त्या दुपारीविषयी ज्यूरीने आणि चित्रपटांनी जे पाहण्याचे टाळले, ते सर्वोच्च न्यायालयाने पाहिले. नानावटी प्रकरणाचा खरा उत्तरार्ध तेथे आहे आणि तो अद्याप पडद्यावर समर्थपणे यावयाचा आहे.